बिस्किटमामांचं अर्धं बिस्किट

झाडांना पालवी फुटली की बिस्किटमामांना आपल्या यकृताची आठवण यायची. एरवी वर्षभर ते बिचारं उजव्या बरगडीखाली निमूट राबायचं आणि मामा बेकरीत. वसंत लागला की मामा आठवडाभर कसलासा हिरवा कडू रस नाक दाबून प्यायचे, "आतून सगळं साफ होतं" असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि आठवडा संपताच भट्टीतून निघालेल्या पहिल्या ट्रेसमोर पुन्हा उभे राहायचे. आपण चाखल्याशिवाय माल काउंटरवर जाणार नाही, हा त्यांचा नियमच होता. प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्किट, प्रत्येक केकचा एक कोपरा. दिवसाला ट्रे किती निघायचे, ते मामांच्या पट्ट्याला विचारावं.

त्या वसंतात मात्र रसाची बाटली उघडायच्या आत मामींनी त्यांना तपासणीला नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृतात चरबी साचलीय."

"आजपासूनच रस चालू करतो," मामा तत्परतेने म्हणाले.

"यकृत म्हणजे काय तुंबलेलं गटार आहे, वर्षातून एकदा उपसायला? तेच रोज तुमची साफसफाई करतंय. त्याच्यावरचा बोजा तेवढा कमी करा. गोड कमी, वजन कमी, रोज चालणं. आणि असले रस कधी कधी यकृतालाच बाधतात, तेव्हा तो बंद. अजून सुधारण्यासारखं आहे. असंच चालू राहिलं तर पुढे माझ्याही हातात काही राहणार नाही."

बाहेर आले तेव्हा मामांचा चेहरा मध्येच बसलेल्या केकसारखा झाला होता. "चाखायचं नाही, तर बेकरी चालवू कशी? जीभ हेच माझं भांडवल."

"दुसरी जीभ आणू," मामी म्हणाल्या. "माझ्या आईची."

मामा मटकन बाकावर बसले. ती जीभ त्यांच्या चांगली परिचयाची होती. लग्नापासून आजवर तिने जावयाच्या कुठल्याच गोष्टीला 'छान' म्हटलं नव्हतं. फार झालं तर 'चालेल'.

दुसऱ्या सकाळी सासूबाई काउंटरमागे खुर्ची टाकून बसल्या. पहिल्या ट्रेमधल्या बिस्किटाचा कणभर तुकडा त्यांनी जिभेवर ठेवला. चाखायला कण पुरतो, हे मामांना तेव्हा कळलं.

"जावईबापू, हे बिस्किट आहे की साखरेचा खडा?"

"आई, आमची सुरुवातीपासूनची पद्धत आहे ही."

"सुरुवातीचं मला नका सांगू. तुमचं स्थळ आलं तेव्हा मी मुद्दाम तुमची बिस्किटं मागवून खाल्ली होती. साखर बेताची, लोणी नेमकं. एवढं नेमकं करणारा माणूस मुलीलाही नीट सांभाळेल, म्हणून होकार दिला. पुढे तुमची जीभ गोडाला सरावली आणि तुम्ही साखर वाढवत गेलात."

मामांच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. होकार आपल्या देखणेपणाला मिळाला, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती.

"मग इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

साखर उतरत गेली. "बिस्किटं आजारी आहेत का?" असा टोमणा मारून कोपऱ्यावरचा शिंपी गेला आणि पुढच्या आठवड्यात दोन पुडे घेऊन गेला. संध्याकाळी दोघं फिरायला निघत. सासूबाई पुढे तुरुतुरु, मामा मागे धापा टाकत. जावई सासूला फिरवतोय म्हणून लोक कौतुक करायचे. मामांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पुन्हा झाडांना पालवी फुटली. नवा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरंच निवळलंय. काय केलंत?"

"सासूबाईंना नोकरीवर ठेवलं," मामा गंभीरपणे म्हणाले.

बेकरीत परतल्यावर त्यांनी रिपोर्ट सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, मग ट्रेमधलं एक बिस्किट मोडून अर्धं जावयाच्या हातावर ठेवलं. "आज एवढं चालेल."

मामांनी डोळे मिटून ते सावकाश चघळलं. आधी लोणी लागलं, मग भाजलेल्या पिठाची खमंग चव, आणि साखर अगदी शेवटी, पाहुण्यासारखी.

"आई, तुमचे उपकार मी कसे..."

"ते नंतर. मागे ट्रे काढायची वेळ झालीय."

मामा भट्टीकडे धावले आणि बाहीने डोळे पुसले. धुराने पाणी आलं, असं ते आजही सांगतात. भट्टी विजेवर चालते.