विकत आणलेला बॅट्समन

माझा नवरा वेल्डर, पण आम्ही सौदीत फॅमिलीसकट राहत होतो ते वेल्डिंगवर नाही, बॅटवर. ऐकायला खोटं वाटतं, पण तसंच होतं. आमच्या कोकणात टेनिस बॉलच्या टूर्नामेंटा असतात ना, तेव्हा गावं बाहेरचे प्लेयर विकत आणतात, लिलाव लावतात, आणि आमचे हे त्या लिलावात मोठ्या बोलीचे. सौदीतल्या रास तनुराच्या बाजूच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे साहेब आमच्या रत्नागिरीकडचे, क्रिकेटचे वेडे, ते सुट्टीवर आले होते तेव्हा त्यांनी ह्यांना खेळताना बघितलं आणि मैदानातच विचारलं, "आमच्या कंपनीच्या टीमकडून खेळशील? बायकोलापण आणतो."

वेल्डरला फॅमिली व्हिसा कुठला मिळायला? म्हणून इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, ह्यांना सुपरवायझर लिहिलं. हात वेल्डरचे, कागद सुपरवायझरचा. मी आले, मुलगा तिथेच झाला, दोन खोल्या होत्या, मला वाटलं झालं, आता कशाला कोण हलवतोय.

मग ते साहेब रिटायर होऊन गावी गेले आणि नवे आले, मुंबईचे, तरुण. आणि तेव्हाच सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं, सौदीकरण. सुपरवायझरच्या जागा आता सौदी पोरांना द्यायच्या. आमच्या वरच्या मजल्यावर खेडची एक भाभी होती, तिच्या नवऱ्याच्या हाताखाली एक सौदी पोरगा शिकायला दिला. पोरगा वाईट नव्हता हां, घरी खजूर पाठवायचा, भाभीच्या पोरींना चॉकलेटं. पण तो शिकला, नवऱ्याची जागा त्याला गेली आणि भाभी सामान विकायला काढून बसली. मला म्हणते, "फ्रीज घेतेस? नको घेऊस बाय, तुलापण विकायलाच लागेल." आणि हसली. मी पण हसले, आणि खाली येऊन आमच्या फ्रीजचे किती येतील ते मोजत बसले.

त्याच आठवड्यात नवे साहेब आमच्याकडे चहाला आले. मी आतून ऐकत होते.

"भाई, बाहेरून प्लेयर आणणं बंद," ते म्हणाले. "कंपनी आता एवढा खर्च नाही करणार. आणि कशाला करायचा? कामगारांच्या कॅम्पमध्ये एवढी तरुण पोरं आहेत, त्यातलीच उचलू, घडवू. बाकीच्या टीमांनी पैसा ओतला, कप आला का त्यांच्याकडे?"

"बरोबर आहे साहेब," हे म्हणाले.

"मग शुक्रवारी तुम्ही निवडा. दोन बोलर आणि एक बॅट्समन. बॅट्समन असा बघा की पुढे तुमची जागा घेईल. तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कोणाला आहे?"

नजरेचं ऐकून हे फुलले. मी दाराआडून त्यांचे कान लाल झालेले बघितले. मग साहेब उठता उठता म्हणाले, "ह्या सीझनपुरते तर तुम्ही आहातच."

दार लागलं तशी मी बाहेर आले. "अहो, ऐकलंत काय म्हणाले ते?"

"टीम चांगली करायची म्हणाले."

"तुमची जागा म्हणाले! बॅट गेली की इकाम्यावरचा सुपरवायझर कोण सांभाळणार, आणि मग आम्ही कुठे राहायचं?"

"अगो, हळू. मुलगा उठेल."

"उठू दे. तुम्ही दुसरा कोणीतरी निवडा. थोडा कच्चा. कोणाला कळणार आहे?"

ह्यांनी साहेबांचा कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाले, "बघतो." मी म्हटलं बघतो नाही, अल्लाची शपथ घ्या, तर म्हणाले, "क्रिकेटसाठी अल्लाची शपथ घेतात काय, येडी!" पण मान हलवली. मी ती मान धरून बसले.

शुक्रवारी असरच्या नमाजानंतर कॅम्पमागच्या मैदानात पोरं जमली. मी मुलाला घेऊन गाडीत बसले होते, काचा वर, एसी चालू, बाहेर वाऱ्याबरोबर वाळू. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. पण एक पोरगा आला, दापोलीकडचा, उंच, काटकुळा, सेफ्टी शूज काढून अनवाणी उभा राहिला, आणि त्याने बॉल मारला तो आवाज बंद काचेतूनसुद्धा मला आला. पुन्हा मारला. पोरं ओरडायची बंद झाली, नुसती बघत होती. त्याच्यानंतर एक दुसरा आला, लांब केसांचा, जोरात फिरवायचा, एक लागला तर चार चुकायचे. मी गाडीत बसून मोठ्याने म्हणत होते, "हा घ्या, हा घ्या," मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता.

साहेबांनी ह्यांना मधे बोलावलं. दोन बोलर झाले. मग हे थांबले. गाडीकडे बघितलं, खरंच बघितलं, मी काचेवर हात ठेवला. मग वळले आणि सरळ त्या अनवाणी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

हे गाडीत येऊन बसले तेव्हा मी रडत होते.

"का केलंत?"

"दुसऱ्याकडे बोट करायला गेलो," ते म्हणाले, "हात वर होईना."

"आणि आपलं?"

त्यांनी गाडी सुरू केली.

पुढच्या आठवड्यात तो पोरगा आमच्याकडे जेवायला आला. आमच्यात रीतच आहे, कोणी हात धरून पुढे आणलं तर त्याच्या घरी सलाम करायला जायचं. मिठाईचा डबा घेऊन आला, नवे कपडे, मला भाभी भाभी करत होता. नुकतंच लग्न ठरलं होतं त्याचं. जेवताना मान खाली घालून सांगतो, "साहेब बोलले, नीट खेळलो तर फॅमिली आणायला देतील." मग त्याने खोली बघितली, खिडकी बघितली, मुलाचा पाळणा बघितला, आणि अगदी साधेपणाने मला विचारलं, "भाभी, इथे पाणी कसं येतं?"

मी भात आणायला आत वळले. हेच बोलले. त्याच्या ताटात माशाचा तुकडा वाढला आणि समजावून सांगायला लागले, मैदानात सांगतात तसंच, सावकाश, "पाणी भरपूर आहे. पण उन्हाळ्यात टाकी तापते, नळाला हात लावता येत नाही. तेव्हा गीझर बंद ठेवायचा, पाणी त्यात भरून राहतं, एसीच्या घरातलंच ना, ते थंड होतं. लहान मुलाला त्याच पाण्याने आंघोळ घालायची."

"हे बरं सांगितलंत," पोरगा म्हणाला, आणि उठून गीझर कुठे आहे ते बघायला गेला.