क्लाउसचे शर्ट

पाहुण्याने नको म्हटलेलं असताना मी त्याचे शर्ट गच्चीत वाळत घातले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही — माझा तर माझ्या घड्याळावरही नाही. तरी ऐका.

नव्वदच्या दशकात बंगलोरला बसवनगुडीत, बेळगावकडच्या शारदाक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचो. आमच्या कंपनीत मशीन बसवायला जर्मनीहून क्लाउस आलेला, साठीचा. हॉटेलच्या जेवणाने त्याचं पोट बिघडलं म्हणून मी त्याला घरी आणला. शर्ट स्वतः धुवायचा आणि बाथरूममध्ये टांगायचा. "बाहेर नको," एवढंच म्हणायचा. ते काही वाळेनात, कुबट वास... म्हटलं, जर्मन माणसाला बंगलोरचं ऊन दाखवू या!

दुपारी तो झोपलेला असताना शर्ट गच्चीतल्या दोरीवर घातले, मध्ये मध्ये माझी बनियनं. लख्ख आकाश, कुठे धूर नाही. तासाभराने गेलो तर शर्टांवर राखाडी भुकटी. बोटाने पुसली — पसरली. राखच ती. बनियनांवर मात्र कणही नाही... आणि माझी बनियनं इतकी स्वच्छ कधीच नसतात.

"अक्का, कुणी काही जाळलं का?" मी कठड्यावरून खाली ओरडलो.

"कोण जाळणार रे? माझे पापड बघ की, तिथेच आहेत. एकदम स्वच्छ."

तेवढ्यात मागे क्लाउस. एका शर्टावरून त्याने बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. मग इंग्रजीत, तुटक तुटक सांगू लागला... त्याच्या गावाबाहेर, टेकडीमागे नाझींची छळछावणी होती. तो तेव्हा लहान. तिकडून वारा सुटला की गल्लीतल्या सगळ्या बायका धावत जाऊन वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. त्याची आईसुद्धा.

"पण तिथे काय चालतं ते गावाला माहीत नव्हतं. आई मरेपर्यंत हेच सांगायची. माझी आई खोटं बोलत नसे."

मी हुशार! पटकन म्हणालो, "मग कपडे कशाला आत घ्यायची?"

क्लाउस दोरीकडे वळला. शर्ट गोळा करून खाली गेला. कितीतरी वेळ बाथरूमचा नळ वाहत होता. दुसऱ्या दिवशी तो हॉटेलात परत गेला, आणि मशीन सोडून माझ्याशी दुसऱ्या कशावरही बोलला नाही.

आजही कपडे वाळत घालताना मी आधी वारा बघतो. राखेचं कोडं काही सुटलेलं नाही. त्या वेळी अक्कांना सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "कुठून आली असेल हो ती राख?"

"राखेचं राहू दे," पापड उलटत अक्का म्हणाल्या. "ते अख्खं गाव पन्नास वर्षं गप्प बसलं, आणि तुला स्वल्प गप्प बसता येईना?"