उपवासाची कळलावी

समान वाटणी हा सृष्टीचा पहिला न्याय आहे. जालन्यातल्या ज्या बियाण्यांच्या कंपनीत मी नोकरी केली, तिच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या रंगात रंगवलेलं होतं. पाहुणे आले की साहेब त्याखाली उभे राहून फोटो काढून घेत. त्याच भिंतीला टेबल लावून आम्ही तिघी दिवसभर ती वाटणी बंद पाडत असू.

पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक गुणसूत्राची दुसरी प्रत तयार होते. दोन्ही प्रती कमरेला चिकटलेल्या असतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून धागे वाढू लागतात. त्यांना डोळे नसतात. ते चाचपडतात, काही लागलं नाही तर आटतात, पुन्हा वाढतात. प्रत्येक जोडीला दोन्हीकडून धागा लागला, ताण बसला, की चिकटलेलं सुटतं आणि प्रती विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. एका जोडीला जरी धागा लागायचा राहिला, तरी पेशी बाकीच्या सगळ्यांना थांबवून धरते.

आम्ही कलिंगडाच्या कोंबावर कोल्चिसिन नावाच्या विषाचा थेंब सोडत असू. त्याने धागेच तयार होत नाहीत. पेशी वाट पाहत राहते आणि शेवटी न दुभंगताच पुढे जाते, दुप्पट गुणसूत्रं घेऊन. अशा दुप्पट झाडाचा साध्या झाडाशी संकर केला की बिनबियांचं कलिंगड मिळतं. बिया विकणारी कंपनी बिया नसलेल्या फळासाठी एवढा खर्च करते, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

हेच विष कळलावीच्या वेलातही असतं. आमच्याकडे भांडणं लावून माणसं फोडणाऱ्या बाईलाही कळलावी म्हणतात. पेशीत गेलेली कळलावी मात्र कुणालाच वेगळं होऊ देत नाही.

धावड्याची माझी आत्या गावात याच नावाने ओळखली जाई आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. एका श्रावणी सोमवारी बांधावर निंदताना तिला एक कंद सापडला. रताळं समजून तिने तो उकडून खाल्ला. घरात उपवास तिचा एकटीचा, म्हणून बाकीचे वाचले.

आत्तेभावाचा फोन आला. "ताई, आई दुपारपासून वकून राह्यली."

"काय खाल्लं?"

"रताळं. बांधावरचं."

"तिथं वेल आहे का? पानांची टोकं वळलेली?"

"हाये की. तांबडी-पिवळी फुलं बी हायेत. का?"

जालन्याच्या दवाखान्यात मी डॉक्टरांना वेलाचं नाव सांगितलं. याला उतारा नाही, ते म्हणाले. सलाईन लावायचं, रक्त तपासायचं आणि थांबायचं.

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या. आत्या उठून बसली आणि तिने चहा मागितला. आत्तेभाऊ हसला. डॉक्टर हसले नाहीत. "खरं ते आता सुरू होईल," ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

"काय गं, तुमच्या तिथं झाडाला हेच देता ना?" आत्याने विचारलं.

"हेच."

"मंग काय होतं त्याला?"

"दुप्पट होतं."

तिने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "म्या तर हाये तेवढीच. बरं झालं. सुनेला एकच पुरून उरली."

मी हसले, पण तिच्याकडे बघवेना. आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात, केसांच्या मुळाशी, जिथे जिथे शरीर रोज नव्या पेशी करतं, तिथे लाखो पेशी त्या क्षणी अर्ध्यावर थांबलेल्या होत्या. आणि वर ती बशीतल्या चहावर फुंकर मारत होती.

तिथून मी कामावर गेले आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गुणसूत्रं जाड, गडद, पेशीभर विखुरलेली. हात फाकलेले, कमरेला मात्र अजून जोडीने चिकटलेली. हे चित्र मी रोजच पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ती कसली तरी चाहूल घेत आहेत.

चौथ्या दिवशी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की आम्हाला आत जायची बंदी झाली. दाराच्या काचेतून ती दिसे. एकदा तिने आमच्याकडे बघून हात वर केला आणि तो तसाच वर राहिला. बराच वेळ. शेवटी सिस्टरने येऊन तो खाली ठेवला.

मग एका सकाळी आकडा जरासा वर सरकला. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. तिच्या हाडांत कुठेतरी धागे पुन्हा चाचपडू लागले होते.

बाराव्या दिवशी आत्या उठून बसली आणि केस उशीवरच राहिले. तिने डोक्यावरून हात फिरवला, मागे वळून पाहिलं. "अगं बया, उशीनं माझा आंबाडा ठिवून घेतला!"

मी तिला समजावलं. मुळं जिवंत आहेत, पेशी पुन्हा दुभंगू लागल्या आहेत, प्रत्येक जोडी दोन्हीकडून धरली जाईल, मगच सुटेल, एकही चूक न होता. मी बहुधा जरा जास्तच गंभीरपणे बोलत होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आता नवे काळे येतील?"

दिवाळीनंतर केस आले. पांढरे.