रज्जाकभाईंचं तिरपं प्यादं

रज्जाकभाईनं मले इतकी वर्षं चुकीचं बुद्धिबळ खेळवलं.

अन् आज पहाटे ते गेले. आता भांडू कोनासंग?

मले लिहिता येत नाही. मी बोलून राह्यली, नात टाइप करून राह्यली. मधातच रडते. तिले म्हटलं, अगोदर पोस्ट पुरी कर.

रज्जाकभाई धाड गावच्या बाजारात गाद्या भरायचे. आमच्या ह्यांचे जिगरी दोस्त. रोज संध्याकाळी ओसरीत दोघांचा पट मांडलेला.

मी चुलीपाशी. दाराच्या कोपऱ्यातून जेवढं दिसे, तेवढं पाहायची.

मंग हे गेले. मी घराबाहेर निघणं सोडलं. बोलणंही.

एक दिवस रज्जाकभाई आले. पट मांडला.

"भाभी, पयली चाल तुमची."

मी प्यादं सरकवलं. तिरपं.

कोपऱ्यातून मले ते तसंच जाताना दिसायचं!

त्याईनं एकदा पटाकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. अन् आपलंही प्यादं तिरपं सरकवलं.

हत्ती-उंटाचं हळूहळू सांगतलं. प्याद्याबद्दल चकार शब्द नाही. आमची प्यादी तिरपी चालत अन् सरळ समोरचं मारत.

मी जिंकली की अख्ख्या गल्लीले ऐकू जाई. ते म्हणत, "गाद्या भरता भरता माह्या डोक्यातबी कापूसच भरला वाटते, भाभी."

मागच्या दिवाळीत नातीनं मोबाइलवर बुद्धिबळ लावून दिलं. माहं प्यादं हलेचना!

"आजी, प्यादं सरळ जाते. तुले हे कोनं शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी धरलं त्याईले. "काऊन हो, मले येडी बनवलं?"

दाढी खाजवत हसले.

"पयल्याच चालीले टोकलं असतं, तं तुमी उठून आत गेल्या असत्या. मंग कोनं आणलं असतं तुमाले बाहेर?"

मी म्हटलं, "बरं, आता तरी सरळ खेळू."

"आता मलेच सरळ जमत नाही, भाभी."

आज दुपारी त्यांच्या घरी जाऊन आली. शमीमभाभी, त्यांची घरवाली, भिंतीले टेकून बसल्या होत्या. कोनाशीच बोलून नाही राह्यल्या. हात धरला, तं हातही गार.

शमीमभाभीले बुद्धिबळातलं काहीच येत नाही.

थोडे दिवस जाऊ देईन. मंग पट घेऊन मीच जाईन. पयलं प्यादं त्या कुठंही सरकवोत, मी तसंच खेळीन.

तुमाले आखरी सलाम, रज्जाकभाई.

या आता. शमीमभाभीची काळजी करू नका.