मशीनच्या घशाचं पाणी

त्या उन्हाळ्यात आमच्या मशीनला पाइप द्यायचाच कंटाळा आला होता. वसई पूर्वेला आमचा एक गाळा आहे आणि त्यात हे एकच मशीन. वर हॉपरमध्ये प्लास्टिकचा दाणा ओतायचा. आत लांबलचक स्क्रू फिरतो, दाण्याला पुढे ढकलत वितळवतो आणि दुसऱ्या टोकाने बागेला पाणी घालायचा काळा पाइप निघतो. मशीन नवरा बघतो. मी गुंडाळ्या बांधते, वजन करते, आणि बोळिंजच्या घरून आणलेला डबा दुपारी दोघांसाठी उघडते. लग्नानंतरचं बहुतेक आयुष्य असंच गेलं.

माल निघेना, तसे नवऱ्याने सगळे उपाय केले. आधी पुढची जाळी बदलली. दाण्यात ओल असेल म्हणून तो पत्र्यावर वाळत घातला. हीटर वाढवले, कमी केले. शेवटी स्पीड वाढवला. स्क्रू नुसता गरगर फिरायचा, मोटर कोकलायची आणि पाइप कुठे जाड, तर कुठे कागदासारखा. निम्मा माल पुन्हा दळायला जायचा.

दुरुस्तीवाला आला, स्क्रू बाहेर न काढताच म्हणाला, "घासलाय." नवा स्क्रू आमच्या आवाक्यातला नव्हता. पलीकडच्या गल्लीतला एक गाळेवाला आहे त्या स्थितीत मशीन घ्यायला तयार झाला. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. नवऱ्याने जेवण कमी केलं. याच मशीनवर तो आधी नोकरीला होता, आणि मालकाने धंदा आवरला तेव्हा हौसेने ते घेतलं होतं.

मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला. मला काशी-रामेश्वर नको होतं, परदेश नको होता. दुपारी जेवून, पंखा लावून, दार ओढून झोपायचं होतं. गुडघे बोलायला लागल्यापासून मी त्या झोपेची आस धरून होते. रविवार कधी येतो असं झालं होतं.

शुक्रवारी दुपारी नवऱ्याला पोतं उचलवत नव्हतं, म्हणून दाणा ओतायला मीच स्टुलावर चढले. पोतं वाकवताना हॉपरच्या खालच्या लोखंडाला कोपर लागलं आणि चटका बसला. मी तिथेच थबकले. सगळं मशीन तापलेलं असतं, पण दाणा जिथून आत उतरतो तो घसा तेवढा थंड राहायला हवा. त्याच्याभोवती सतत पाणी फिरतं ते त्यासाठीच. घसा तापला की दाणे तिथेच एकमेकांना चिकटतात, वाट चोंदते आणि खालचा स्क्रू उपाशी फिरत राहतो. मग त्याला कितीही पळवा, खायलाच नसेल तर तो पुढे काय देणार?

खाली वाकून नळ बघितला. सुतासारखी धार. वसई-विरारमध्ये राहिलं की वाहता नळ दिसताच हात आपोआप तो बंद करायला जातो. टँकर चुकला होता त्या दिवशी नवऱ्यानेच हा नळ पिळून बारीक केला होता. "भट्टीला कशाला पाणी पाजायचं?" म्हणाला होता, आणि वर माझ्याकडून शाबासकीही घेतली होती.

मी कोपर चोळत उभी राहिले. दोन दिवस गप्प बसायचं, बस्स. कुणाला काही कळणार नव्हतं. मशीन जाणार आणि दुपार माझी होणार.

पलीकडे नवरा फडकं घेऊन मशीन पुसत होता, न्यायला येणाऱ्याला बरं दिसावं म्हणून. गेल्या दसऱ्याचं कुंकू पत्र्यावर तसंच होतं. तेवढी जागा सोडून तो आजूबाजूचं पुसत होता.

मला इतका राग आला त्याचा! त्या कुंकवाचा, त्या नळाचा, माझाही. मी नळ पुरता उघडला.

"अहो, मशीन बंद करा," मी ओरडले. "घसा चोंदलाय."

हॉपर रिकामा केला. घसा निवल्यावर लाकडी दांडक्याने टोचून टोचून आतला चिकट गोळा फोडला आणि चिमट्याने ओढून काढला. मशीन पुन्हा चालू केलं तेव्हा पाइप एकसारखा, जाड, असा काही धावत सुटला की ओढणाऱ्या पट्ट्याचा वेग दोनदा वाढवावा लागला. नळ कुणी पिळला होता हे त्याने विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला. "अजून दम आहे याच्यात. आपण थकू, पण हे नाही थकणार." मग गाळेवाल्याला फोन करून त्याने येऊ नका म्हणून सांगितलं आणि डब्यातली गार भाजी उभ्या उभ्या चाटूनपुसून खाल्ली. कितीतरी दिवसांनी तो असा जेवत होता. मला बरं वाटलं, आणि रडूही आलं.

डोळे पुसून मी टँकरवाल्याला फोन लावला, उद्यापासून पाणी जास्त लागेल म्हणून.

"कधी पाठवू, ताई?" त्याने विचारलं.

"दुपारीच पाठवा," मी म्हणाले. "दुपारी मी असतेच इथे."