थोरल्या जाऊबाईंच्या मनगटावरची तुळस

बाळांनो, यंदा येसराची पाकिटं कोरी का आली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नीट सांगते, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. आपल्याकडे लग्नातली आमटी त्याचीच. तेलगावात आम्ही दोघी जावा तो करतो. पाकिटावर छापायला मी थोरल्या जाऊबाईंच्या मनगटावरचं गोंदण जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: तुळस आणि दोन्ही बाजूंना ठिपके.

मागे दिंद्रुडचा एक मसाल्याचा व्यापारी मुलीच्या लग्नासाठी येसर न्यायला आला. लग्नघरी आम्ही येसर विकत नाही, आहेर म्हणून देतो. टोपलीभर पाकिटं दिली. यंदा त्याच्याच वकिलाची नोटीस आली: या चिन्हाच्या ट्रेडमार्कसाठी आमच्या अशिलाने अर्ज केला आहे, तुम्ही ते वापरणं थांबवा! आमच्या जाऊबाईंचा हात याच्या मालकीचा झाला म्हणे.

मी इंग्रजी शिकलेली, विजेच्या बिलाचीसुद्धा फाईल ठेवणारी. तरी असा अर्ज करावा हे मला सुचलं नाही, याची चीड वेगळीच.

आम्ही बीडला वकील गाठला. तो म्हणाला, "हरकत घ्यायला अजून मुदत आहे. पण चिन्ह तुम्ही आधीपासून वापरताय, याचा पुरावा लागेल. सुरुवातीची बिलं आहेत?"

सुरुवातीला सगळा येसर लग्नघरीच जायचा. आहेराचं बिल कोण फाडतं?

जाऊबाईंनी हात टेबलावर ठेवला. "ह्यो पुरावा न्हाई का? परकरी होते तवा गोंदलंय."

"आजी, यावर तारीख नाही."

"मग तवाच सांगायचं न्हाई का, तारीखबी गोंदून घेतली असती!"

वकील हसला. मी हसले नाही.

घरी येऊन मी कपाट उघडलं. त्या लग्नाच्या व्हिडिओची सीडी व्यापाऱ्यानेच हौसेनं पाहुण्यांना वाटली होती, माझ्याकडे ती लेबल लावून ठेवलेली होती. पडद्यावर आमची टोपली त्याच्याच हातात, पाकिटावरची तुळस स्वच्छ दिसतेय आणि कोपऱ्यात तारीख. चिन्ह केव्हापासून वापरतो म्हणून त्याने अर्जात लिहिलंय, त्याच्या कितीतरी आधीची.

"मेला दात काढत टोपली घ्यायलाय बघा!" जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही हरकत दाखल केली, आमचा अर्जही केला. वकिलाच्या सल्ल्यानं तोवर पाकिटं कोरी ठेवलीत.

परवा बाजारात तोच व्यापारी आडवा आला. "काकू, आपसात मिटवून टाकू की. कावून कोर्टकचेरी?"

जाऊबाईंनी बांगड्या वर सारून मनगट त्याच्यापुढं धरलं. "आधी हे पुसून दाखव. मग मिटवू."