डाव्या बाजूचा संशय

सदर गृहस्थ वय वर्षे अठ्ठावन्न, बांधा मध्यम, हुद्दा ध्वनिपरीक्षक, चिनी मातीच्या बेसिनांचा कारखाना. श्रवणशक्ती : दोन्ही कान, समसमान, निर्दोष. छंद : रेकॉर्डी ऐकणे. संशय घेणे हा छंदात धरलेला नाही. तो स्वभावात येतो.

कारखान्यात त्यांना सगळे 'कान' म्हणतात. भट्टीतून आलेल्या बेसिनावर ते लाकडी हातोडीने टिचकी मारतात. खणखणीत वाजलं तर माल पास. बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा. ज्याचा कान गेला तो पॅकिंगला गेला, असा तिथला साधा नियम.

घरी त्यांचा रेकॉर्ड प्लेयर पाणसळ लावून समतोल केलेल्या फळीवर बसतो. सुईचा भार ते इवल्याशा तराजूवर तोलतात. बायको त्या सगळ्या सरंजामाला 'सवत' म्हणते, पण धूळ तीच पुसते.

हिवाळ्यात डावा स्पीकर मंद वाटू लागला. कानांनी तारा बदलल्या, सुई बदलली, सोफा सरकवला. मग संशय मेहुण्यावर गेला, कारण तो रविवारी येऊन स्पीकरला टेकून बसतो. त्याला खुर्ची देण्यात आली.

आणि एका सकाळी डावी बाजू आपोआप सुधारली. आता मात्र कानांची झोप उडाली. आपोआप बिघडतं ते समजू शकतं; आपोआप सुधारतं म्हणजे कुणाचा तरी हात आहे.

डाव्या-उजव्या आवाजाचा तोल साधणारं एक बटण असतं. त्याला त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं. त्यावर त्यांनी पेन्सिलीची बारीक रेघ मारली. आठवडाभरात रेघ डावीकडे झुकली. मेहुणा गावाला गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते कामावर जायला म्हणून निघाले आणि जिन्यातून परतले. बायकोच्या एका हातात फडकं होतं, दुसरा बटणावर.

"सापडलीस!"

"अगं बाई! दचकले ना! चोरासारखे काय येता स्वतःच्या घरात?"

"बटण का फिरवतेस?"

"तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून."

"म्हणजे?"

"अहो, डावीकडून हाक मारली तर तुम्ही ओ देत नाही. फोन उजव्या कानाला धरता. मी आपली हळूहळू डावी बाजू वाढवत गेले. आयुष्यात कधी डावं-उजवं केलं नाही मी कुणाशी, ते ह्या सवतीपायी करावं लागलं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर माझ्या भावाला खुर्ची दिलीत."

कानांनी रेकॉर्ड लावली, बटण सरळ केलं आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. आता उजवा स्पीकर त्यांच्या डाव्या हाताला होता, आणि मंद तोच होता. बिघाड त्यांच्याबरोबर फिरला होता.

मग त्यांना गेल्या महिन्यात तडा गेला म्हणून परत आलेली बेसिनं आठवली. ती त्यांनीच टिचकी मारून पास केली होती. तेव्हा त्यांना ट्रकवाल्याचा संशय आला होता, आणि बिचाऱ्याने बोलणी खाल्ली होती.

"ट्रकवाल्याला भेटायला हवं," ते म्हणाले.

"आता त्याने काय केलं?"

"काही नाही. तेच सांगायचंय."

ते उठले, बटण डावीकडे वळवलं आणि नवी रेघ मारली. बायकोने फडकं झटकलं.

कारखान्याच्या दप्तरात सदर गृहस्थांची श्रवणशक्ती अजून निर्दोष आहे. ते स्वतः अर्ज करून पॅकिंगला गेले. तिथे बेसिनांभोवती पेंढा भरतात.